रिकामी हाळी

सटवाजीमामा तीन वेळा ‘नाही’ म्हणाले होते. ते तिन्ही नकार मी टेपमधून कापले आणि हसण्याचे आवाज चिकटवून दिले. माझी चूक एवढीच. पुढे जे झालं त्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही, पण चूक कुणाची हे पक्कं माहीत आहे...

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात. खरं सांगतो, मी वाचायचो आणि हसायचो. भुताखेतांशी माझं कधी जमलंच नाही. जवळा बाजारला मी सहा वर्षं केबल चालवली. चिंचेवरून, पिंपळावरून, अगदी स्मशानाच्या पत्र्यावरूनही वायर ओढली. वर खरंच कुणी राहत असतं तर एकदा तरी ‘आमच्याकडं चित्रात मुंग्या येऊन राहिल्या’ अशी कंप्लेंट आली असती. आली नाही.

जागा नीट सांगतो. हिंगोली जिल्हा, औंढा तालुका, जवळा बाजार. साल दोन हजारच्या पुढचं एक-दोन. नुकती थंडी पडायला लागली होती. बाजारगल्लीच्या शेवटी एका व्यापाऱ्याचं कापसाचं गोदाम होतं, त्याला लागून दहा बाय दहाची खोली, वर दोन डिश. हीच आमची कंट्रोल रूम. समोर पंचवीस पावलांवर चहाचं हॉटेल, त्यात टीव्ही. माझा पार्टनर गफारभाई. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, हात सोन्याचा, बोलणं कमी. माझं उलटं होतं.

त्या काळात दर शुक्रवारी रात्री साडेनऊला एका हिंदी चॅनेलवर गप्पांचा कार्यक्रम लागायचा. चकचकीत कोटातला एक सूत्रधार, समोर सोफा, सोफ्यावर सिनेमातला हिरो नाहीतर क्रिकेटवाला. हा वाकडे-तिकडे प्रश्न विचारायचा, पाहुणा लाजायचा आणि न दिसणारी माणसं खो-खो हसायची. गावाला त्याचं भयंकर वेड. शुक्रवारी साडेनऊला लाईट गेली तर लोक वीजवाल्यांना सोडून माझ्या दारात येऊन मला शिव्या द्यायचे.

मला वाटलं, आपण काय कमी आहोत? लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घरचा, लोकल चॅनेल घरचं, आणि आगाऊपणा तर जन्मापासूनचा. मी ‘शुक्रवारचा पाहुणा’ सुरू केला. नऊ वाजता, म्हणजे खऱ्या कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास. मंडपवाल्याकडून नवरदेवाची लाल मखमलीची खुर्ची आणायची. कोट माझ्याच लग्नातला, ज्याची बटणं तेव्हाही लागत नव्हती. पाहुणे म्हणजे आमच्या बाजारातले सेलिब्रिटी — सुई टोचली हे कळूच न देणारा कंपाउंडर, एकट्यानं एसटीच्या टपावर बोकड चढवणारा हमाल, एका बैठकीत चाळीस भजी संपवणारे एक गुरुजी.

हसणारी माणसं मात्र आपल्याकडे नव्हती. ते गफारभाईनं सोडवलं. खऱ्या कार्यक्रमाची टेप करून त्यातलं नुसतं हसणं उचलायचं आणि दोन व्हीसीआर जोडून आमच्या टेपवर टाकायचं. हसण्याचे तुकडे सगळे मिळून तीन. त्यातल्या मोठ्या तुकड्याच्या शेवटी सगळे थांबल्यावरही एक बाई एकटीच किंचाळल्यासारखी हसायची. गाव तिला ओळखायला लागलं. हॉटेलात लोक विचारायचे, बाळू, ती बाई आज दोनदाच हसली, तब्येत बरी न्हाई का तिची.

असं सगळं झकास चाललेलं असताना मला सटवाजीमामा आठवले.

मामा धनगर. साठीच्या पुढचे, उंच, सावकाश बोलणारे. शंभराच्या आसपास मेंढरं. पीक निघालं की शेतकरी आपल्या रिकाम्या रानात त्यांची मेंढरं बसवून घ्यायचे, म्हणजे रात्रभरात रानाला खत मिळतं. दोन-चार दिवस एका रानात, मग पुढचं रान. बाजाराला आले की माझ्या आईच्या हातचा चहा पिऊन जायचे. आई त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून माझे ते मामा.

मामांची हाळी आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती. मेंढरांना बोलवायची त्यांची हाक. जीभ टाळूला लावून काढलेला थरथरता आवाज, मग लांबलचक हुंकार, आणि शेवटी एकदम हळू, लेकराला जवळ घ्यावं तसं ‘या गंऽ’. चार वावरांत पांगलेली मेंढरं माना वर करून सुटायची. दुसऱ्याच्या कळपात मिसळलेलीसुद्धा बरोबर निघून यायची. मी लहानपणी कितीदा नक्कल केली असेल, एक कोकरूही वळलं नाही.

बुधवारी दुपारी शूटिंग ठेवलं. मामा आणि जनकामामी दोघं आले. मामांच्या डोक्याला धुवून वाळवलेला फेटा, मामींच्या हातात आईसाठी शेळीच्या दुधाची किटली. मंडपवाल्याची ती मखमल बघून मामा थबकले. पायताण काढू का म्हणाले. मी म्हटलं, काढा की. त्यांनी वहाणा बाजूला नीट जोडीनं ठेवल्या आणि खुर्चीवर अगदी कडेला टेकले. मी कॅमेरा त्यांच्या भेगाळलेल्या पायांवर नेला. तिथं हसू छान बसेल, हे माझं तेव्हाच ठरलं होतं.

मी विचारलं, मामा, तुमच्या कळपातली हिरॉइन कोण? मामांनी खरंच विचार केला. म्हणाले, कपिली. डाव्या कानावर काळा ठिपका हाय, ती पुढं चालती अन् बाकीची तिच्या मागं. मग तिला पहिलं कोकरू कधी झालं, लांडगा आला तेव्हा ती कशी उभी राहिली, सगळं मन लावून सांगितलं. मी कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. मामीला पण हाळी देता का, असं विचारलं तर म्हणाले, तिला काहून, ती माझ्या आधी उठती. हे मात्र खरंच विनोदी होतं, आणि ते त्यांचं होतं.

मग मी म्हटलं, मामा, आता हाळी होऊन जाऊ द्या.

“न्हाई बाबा,” मामा म्हणाले. “मेंढरं न्हाईत इथं.”

म्हणूनच तर म्हणतोय, मी म्हटलं, असती तर मंडपवाल्याच्या खुर्चीचं काय झालं असतं.

मामा हसले नाहीत. “रिकामी हाळी देत न्हाईत, बाळू. हाळी देणं म्हंजी, म्या इथं हाय, या, असं सांगणं असतंय. ती आली अन् म्या न्हाई दिसलो तर? एक डाव फसतील. मंग खरी दिली तरी कामून येतील?”

मी तिसऱ्यांदा म्हटलं. त्यांनी मामीकडं बघितलं, मान हलवली आणि नुसतं “न्हाई” म्हणाले.

इथं कुणीही थांबलं असतं. मी म्हटलं, मामा, आईची फार इच्छा आहे. तुमची हाळी टीव्हीत ऐकायचीय म्हणाली. 

आई असं काहीही म्हणाली नव्हती. तिला तर शूटिंग आहे हेसुद्धा किटली घरी गेल्यावर कळलं.

मामा उठले, खुर्चीच्या मागं गेले आणि मेंढरं ज्या दिशेला बसली होती तिकडं पाठ केली. तोंड भिंतीकडं. आणि बारीक आवाजात, एकदाच, हाळी दिली. शेवटचं ‘या गंऽ’ जवळजवळ ऐकूच आलं नाही. मला राग आला तो याचा, की क्लोजअप मिळाला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सातला आम्ही जुळवाजुळवीला बसलो. मामांचे तिन्ही नकार आधी काढून टाकले. मग प्रश्न आला हसण्याचा. गफारभाईचं म्हणणं, हसू हाळीच्या शेपटीवर चढतंय, शेवट ऐकूच येत नाही, थोडं मागं घे. परत लाव. परत लावली. मग हसू फार उशिरा आलं. परत लाव. मधेच तो म्हणाला, बुढ्ढा मना कर रहा था ना रे, रैने दे. मी म्हटलं, तू आवाज वाढव. खोलीतल्या जुन्या टीव्हीवर ती हाळी आम्ही अकरा वेळा वाजवली. आकडा लक्षात आहे, कारण गफारभाई प्रत्येक वेळी व्हीसीआरच्या डब्यावर पेन्सिलीनं रेघ ओढायचा. अकराव्या वेळी हसू बरोबर जागेवर बसलं, शेवटी ती बाई पण. आम्ही चहा मागवला.

नऊ वाजता कार्यक्रम लागला. मामा-मामी समोरच्या हॉटेलात बाकावर पुढं बसले होते, मामा त्याच फेट्यात. भोवती तीस-पस्तीस माणसं. डासांमुळे मी कंट्रोल रूमचं दार लावून घेतलं होतं. पाय दिसले, हसू आलं. कपिलीची गोष्ट आली, हसू आलं. समोरून हॉटेलातलंही हसणं ऐकू येत होतं. मी खूष.

मग हाळी लागली. मी त्या बाईची वाट बघत होतो...

हसू आलंच नाही. त्याऐवजी मेंढरांचं ओरडणं ऐकू आलं. एक, मग दोन-चार, मग खूप. मला वाटलं गफारभाईनं ऐन वेळी काहीतरी भारी टाकलंय. मी अंगठा वर करून त्याच्याकडं पाहिलं, तर त्याचं तोंड पांढरं पडलेलं.

“मैं नै डाला,” तो म्हणाला.

टेप पुढे सरकली होती. पडद्यावर मी दात काढून पुढचा प्रश्न विचारत होतो, आणि ओरडणं चालूच होतं. तेवढ्यात दाराला खालच्या अंगाला काहीतरी धडकलं.

मी दार उघडलं.

गल्ली मेंढरांनी भरली होती. गोदामाच्या भिंतीपासून हॉटेलच्या पायरीपर्यंत पाठीच पाठी, वर धुरळा, आणि लोकरीचा तो ओलसर उबट वास. माझ्या उंबऱ्यावर पुढचे दोन पाय ठेवून एक मेंढी उभी होती. डाव्या कानावर काळा ठिपका. दार उघडल्याबरोबर ओरडणं थांबलं. सगळ्यांचं एकदम. शंभर जनावरं, आणि नुसता श्वासांचा आवाज. आणि सगळ्या माना माझ्याकडं...

माणूस घाबरला की देवाचं नाव घेतो. मी हॉटेलातून बाहेर आलेल्या लोकांकडं बघून म्हटलं, बघा, आपला कार्यक्रम मेंढरंसुद्धा चुकवत न्हाईत.

मोठा हशा झाला. खऱ्या माणसांचा, चिकटवलेला नाही. आणि त्या हशातून वाट काढत सटवाजीमामा पुढं आले. गल्लीच्या तोंडाला उभे राहिले, मेंढरांकडं तोंड केलं आणि हाळी दिली. अख्खी, मोठ्या आवाजात, शेवटच्या ‘या गंऽ’सकट.

एकही मेंढरू वळलं नाही.

मामांनी दुसऱ्यांदा दिली. कपिलीचा कान हलला, तेवढंच. तिसऱ्यांदा देताना त्यांचा आवाज मधेच फाटला. तोवर लोकांचं हसणं बंद झालं होतं. मामा गर्दीत शिरले, कपिलीजवळ आले, तिच्या पाठीवर हात ठेवला. ती मामांकडं न बघता माझ्या पाठीमागं खोलीत बघत होती, टीव्हीकडं.

मग मामांचा मुलगा मुंजा आला. एका पायात चप्पल, धापा टाकत. तो मेंढरांजवळ राखणीला होता, औंढ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या रानात. त्याला धड बोलता येत नव्हतं. त्यानं सांगितलं ते असं — अंधार पडल्यावर सगळी एकदम उठली. भोवतालची जाळी पाडली. म्या आडवा झालो तर माझ्या अंगावरून गेली, पण वरडली न्हाईत. सडकेनं न्हाई आली, वावरातून सरळ. मधीच आपली आपण थांबायची, माना वर करायची, अन् पुन्हा निघायची. असं लई डाव झालं.

कुणीतरी विचारलं, किती वाजता उठली? मुंजा म्हणाला, सात वाजले असतील.

गफारभाईनं माझ्याकडं बघितलं आणि मी गफारभाईकडं. त्या व्हीसीआरच्या डब्यावर पेन्सिलीच्या अकरा रेघा होत्या. ते अकरा वेळा वाजवणं आम्ही कुणालाच सांगितलं नाही. आज इथं पहिल्यांदा सांगतोय.

मेंढरं परत न्यायला काठ्या घ्याव्या लागल्या. हॉटेलातली दहा-बारा माणसं बॅटऱ्या घेऊन मामांबरोबर निघाली. मामी त्यांच्या मागून. मला कुणी चल म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी गेलो नसतो, कारण साडेनऊ वाजत आले होते आणि आमची टेप काढून खऱ्या कार्यक्रमाचं चॅनेल लावून द्यायचं होतं. मी आत जाऊन चॅनेल बदललं. चकचकीत कोटवाला आला, पाहुणा आला, लोक हसले. ती बाईसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाजारात वेगळंच ऐकायला मिळालं. दोघा-तिघांनी मला थांबवून शाबासकी दिली. म्हणाले, बाळू, बरं केलंस, हाळीनंतर तू हसू न्हाई लावलंस, म्हाताऱ्याचा मान ठेवलास. मी आठ-दहा घरी चौकशी केली. कुणालाच हाळीनंतर हसू ऐकू आलं नव्हतं. ज्यांची घरं बाजारगल्लीपासून लांब, जिथं मेंढरांचा आवाज पोचणं शक्य नाही, त्यांनासुद्धा. मी खोलीवर जाऊन टेप लावली. हाळी, आणि तिच्या मागं लगेच हसू. शेवटी ती बाई. गफारभाईच्या दुकानातल्या सेटवर लावली, तिथंही तसंच. जागेवरच होतं.

आणि शाबासकी? ती मी ठेवून घेतली. हो हो, म्हटलं, शेवटी मोठं माणूस आहे...

गफारभाईनं ती टेप माझ्या हातातून काढून घेतली, कोरी केली आणि म्हणाला, आज से ये काम तू अकेला कर. मी एकट्यानं दोन शुक्रवार केलं, मग बंद पाडलं. लोकांना सांगितलं, मंडपवाला खुर्ची देत नाही.

पण डोक्यातून जात नव्हतं. मोटारसायकल काढून मी त्या रानापर्यंतचं अंतर मोजलं, सडकेनं साडेसात किलोमीटर, वावरातून थोडं कमी. मेंढरांच्या चालीनं, थांबत-थांबत, दोन तास बरोबर लागतात. म्हणजे ती निघाली आम्ही वाजवायला लागलो तेव्हा, आणि पोचली कार्यक्रमात हाळी लागली तेव्हा. वेळ जुळते. पण साडेसात किलोमीटर? मी खोलीतला टीव्ही पूर्ण आवाजात लावून, दार लावून, बाहेर चालत गेलो. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला काही ऐकू येत नाही. आमची वायर त्या बाजूला जात नव्हती. त्या रानात वीजसुद्धा नव्हती. लांडगा आला म्हणावं तर मेंढरं ओरडली असती, पांगली असती. ती ओळीनं आली, गावातली बाकी सगळी टीव्हीवाली घरं सोडून माझ्या दारात आली. आणि दोन दिवसांपूर्वी भिंतीकडं तोंड करून हळूच दिलेल्या हाळीला आली. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हाळीला नाही.

मामांचं पुढं काय झालं ते मी तुकड्या-तुकड्यानं ऐकलं. मेंढरं हाळीला येईनाशी झाली. मामा आणि मुंजा दिवसभर काठी घेऊन पळायचे. साठीच्या पुढच्या माणसाला ते किती जमणार? पांगलेली गोळा होईनात, दोनदा दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरली. उन्हाळा लागायच्या आत कळप मोडला. मुंजा वारंगा फाट्याला एका धाब्यावर कामाला लागला. कपिलीला मामांनी विकलं नाही म्हणतात, पण ती पण त्यांच्याकडं बघत नसे म्हणे.

मला मामा बाजारात दोनदा दिसले. दोन्ही वेळा मी दुसऱ्या गल्लीनं गेलो. आईकडं चहाला ते पुन्हा आले नाहीत. भाऊ काहून येत नाही, असं आई विचारायची. मी म्हणायचो, कळप लांब गेला असेल.

पुढे घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, आमचा केबलचा धंदा बसला, आई गेली, आणि मी हिंगोलीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. हा किस्सा मात्र बरोबर घेऊन आलो. लग्नात, बारशात, दुकानात गिऱ्हाईक बसलं की सांगायचो. शंभर मेंढरांची दोनशे झाली, मग पाचशे. ‘आपला कार्यक्रम मेंढरंसुद्धा चुकवत न्हाईत’ या वाक्याला हमखास हशा. मामांनी तिसऱ्यांदा हाळी दिली आणि आवाज फाटला, हा भाग मी गाळायचो. कापायची सवय जुनीच.

मामा एका पावसाळ्यात गेल्याचा निरोप आला. दुकानात गर्दी होती. गेलो नाही.

गेल्या महिन्यात या सदरात लिहायचं ठरवलं, तेव्हा लक्षात आलं की तपशील पक्के पाहिजेत. तुम्ही लोक वेळ, दिशा, अंतर सगळं विचारता. म्हणून मी मामींकडं गेलो. वही-पेन घेऊन. 

मामी अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला आवाजावरून ओळखलं. बस म्हणाल्या. सुनेला चहा टाकायला सांगितला. मी सुरुवातीला इकडचं-तिकडचं बोललो आणि मग मुद्द्यावर आलो. जाळी कोणत्या बाजूनं पडली होती? मामी म्हणाल्या, गावाच्या बाजूनं. कपिली सगळ्यांत आधी उठली का? मुंजा तसं म्हणतो. त्या आधी कधी मेंढरं अशी आपली आपण उठून गेली होती का? कधीच न्हाई. वारा होता का त्या रात्री? नव्हता. मी सगळं लिहून घेत होतो. त्या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होत्या, हातातलं सूप न थांबवता.

तुम्हाला वाटत असेल, माझ्याकडं शेवटी काहीतरी उत्तर असेल. नाही. वहीची चार पानं भरलीत. वेळ आहे, अंतर आहे, दिशा आहे. ती मेंढरं कशी आली ते त्यात कुठेही नाही. गावभर हसू का ऐकू आलं नाही, तेही नाही. गफारभाईला अजूनही विचारलं तर तो उठून जातो.

चहा झाला. मी वही मिटता-मिटता शेवटचं विचारलं — मामी, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशी आली असतील ओ मेंढरं?

मामींनी सूप खाली ठेवलं. माझ्या तोंडाकडं नाही, वहीकडं बघितलं.

“मेंढरं कशी आली, ते तू आल्यापासून इचारून राहिला,” त्या म्हणाल्या. “तुझा मामा त्याच्यानंतर कसा जगला अन् कसा गेला, ते एक डाव बी इचारलं न्हाईस.”